दूरच्या प्रवासाची सायकल

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. अलीकडे, २०१८ साली, पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी सुमारे २९ हजार किलोमीटरची जगफेरी १५९ दिवसांत केली. आपणांस माणिकपूरहून जव्हारपर्यंतच जावयाचे असले, तरी सायकलीची तयारी त्याच तत्त्वांवर करावी लागते.

पालकांस प्रथम एक विनंती. चकचकीत नवी सायकल घेण्यापूर्वी घरातील जुनी एकदा न्याहाळावी. तिचा सांगाडा पोलादी व सरळ असेल, तर तो मोडल्यास खेड्यातला वेल्डिंगवालाही बहुधा जोडून देतो. ॲल्युमिनियमचे तसे नाही. जाड टायर बसण्याइतकी जागा व कॅरिअर घट्ट बसविण्याची सोय मात्र हवी. टायर घेताना केवळ ‘सव्वीस इंची’ म्हणून मागू नये. या एकाच नावाखाली ५५९ व ५९० मिलिमीटर व्यासाच्या निरनिराळ्या रिमांचे टायर विकले जातात, आणि एकाचा टायर दुसऱ्यास बसत नाही. टायरच्या कडेवरील आकडा वाचावा.

आता थोडे गणित. पुढील चक्रास ४४ व मागील चक्रास १८ दाते असले, तर पायडलाच्या एका फेऱ्यात चाक सुमारे २.४४ वेळा फिरते, म्हणजे मोठ्या चाकाची सायकल साडेपाच मीटरांच्या आसपास पुढे जाते. सपाट रस्त्यास हे ठीक. पण ओझ्यासह घाट चढताना गुडघे भरून येतात. दोन्हीकडील दाते जवळजवळ सारखे करता येतील असे गिअर असावेत. एका फेऱ्यात सव्वादोन मीटरच सरकू, परंतु बसूनच माथा गाठू.

आमच्या वसईत सायकलीचा खरा शत्रू म्हणजे खारा वारा. भुईगाव वा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून आल्यावर ती गोड्या पाण्याने धुवावी, कोरडी करावी व साखळीस तेल द्यावे. वरचे तेल मात्र फडक्याने टिपावे, नाहीतर वाळू चिकटून साखळी झिजते. झीज पट्टीने मोजता येते. नव्या साखळीच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. तेच अंतर १२ इंच व एक षोडशांश झाले की साखळी टाकावी. हा खर्च टाळणाऱ्यास पुढे दातेरी चक्रांचाही खर्च येतो.

ब्रेकविषयी तडजोड नाही. रबरावरील खाचा बुजल्या की ते त्याच दिवशी बदलावे. पावसात ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच तो हलका दाबून रिम पुसून घ्यावी. ओझे खाली, दोन्ही बाजूंस सारखे बांधावे. मुठीवर पिशव्या लटकविणे सोडावे.

निघण्याच्या आठवडाभर आधी पुऱ्या सामानासह अर्नाळ्यापर्यंत जाऊन यावे. सैल आरा व ढिले स्क्रू तेथेच कळतात. सोबत पाना, पंप, एक ट्यूब, पंक्चरचे सामान व दोन-चार आरे ठेवावेत. पायडल काढण्याचा प्रसंग आल्यास ध्यानात असू द्या, डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. ते सोडविताना पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा.