एकादशी, दिवे घाट आणि चिमूटभर सैंधव

दिवे घाटाचा तो फोटो तुम्ही पाहिला असेलच. वळणावळणाचा रस्ता, त्यावर पताकांची न संपणारी रांग आणि वर भरून आलेलं आभाळ. तो पाहून दरवर्षी कुणीतरी मला विचारतं, 'एक दिवस तरी वारीत चालावं म्हणतोय, पुणे ते सासवड जमेल का?' मी म्हणते, जमेल, पण आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा.

आषाढी दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा लांब जाते. 2024 साली ती 17 जुलैला होती. त्याच्या आदल्या वर्षी 29 जूनलाच आली, म्हणजे माउलींच्या पालखीचं आळंदीतून प्रस्थान 11 जूनला आणि दिवे घाट 14 जूनला. पाऊस त्या वर्षी मुंबईत पोचायलाच 25 जून उजाडला. आम्ही घाटाकडे निघालो तेव्हा थेंबाचा पत्ता नव्हता, हवा मात्र दमट. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात घाम वाळतो तरी, अंग जरा निवतं. जूनच्या या उन्हात तो नुसता निथळत राहतो. पारा मेपेक्षा कमी दिसतो म्हणून माणूस निर्धास्त राहतो, आणि तिथंच फसतो.

त्यात हा दिवस बहुतेक एकादशीचा. अष्टमीला प्रस्थान, मग पुण्यात दोन मुक्काम आणि एकादशीला सासवड, असा तिथींचा हिशेब आहे. म्हणजे वारीतली सगळ्यांत लांब मजल, तीस किलोमीटरच्या आसपास, निम्मीअधिक दिंडी उपासावर चालते. उपास मोडा असं मी कुणाला सांगणार नाही, आमच्या घरात तर ते ऐकूनच घेतलं जाणार नाही. पण उपास मिठाचा नसतो, हे सांगायलाच हवं.

आमच्या दिंडीत साठीचे एक मामा होते. जन्म शेतात गेलेला, उन्हाला भिणारा माणूस नव्हे. हडपसरपासून पाण्याला तोटा नव्हता, दर शंभर पावलांवर कुणी ना कुणी बाटली पुढे करत होतं आणि मामा प्रत्येक बाटली माउलींचा प्रसाद म्हणून घेत होते. वडकी नाल्याच्या विसाव्याला त्यांनी दोन केळी खाल्ली, चहा घेतला. खिचडी मात्र 'नको, मळमळतंय' म्हणून परत केली.

घाट सुरू झाला आणि त्यांचा टाळ चुकायला लागला. ज्यांनी टाळकरी पाहिलेत त्यांना यातलं गांभीर्य कळेल. आवाज बसेल, पाय सुजतील, पण हात ठेका सोडत नाही. शेजारचा हसून म्हणाला, 'माउली, ठेका सुटला की!' मामांनी त्याच्याकडे पाहिलं, पण ओळख पटल्याचं दिसेना. विणेकऱ्यांनी मागे वळून विचारलं, 'मामा, आपण कुठं आलो?' मामा म्हणाले, 'वाखरी.' वाखरी म्हणजे पंढरपूरच्या दारातला मुक्काम. काहीजण हसले. विणेकरी हसले नाहीत, त्यांनी लगेच मामांना रांगेबाहेर काढलं.

घाटात झाड शोधायला वेळ नव्हता. पाण्याच्या टँकरची सावली होती, तिथं आडवं केलं. बंडी काढली, अंगावर पाणी ओतलं आणि दोघांनी उपरण्यांनी वारा घालायला सुरुवात केली. बायकांनी ओले पंचे मानेला, काखेत, जांघेत ठेवले. एकाने तोंडात पाणी ओतायला घेतलं, त्याला थांबवावं लागलं. माणूस भ्रमात असताना पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. दुसऱ्याने तापाची गोळी काढली. तिचा इथे काही उपयोग नसतो, अंग बाहेरूनच गार करावं लागतं. 108 ची गाडी येईपर्यंत हेच केलं. डॉक्टर नंतर म्हणाले, उन्हाचा तडाखा तर होताच, पण घामाबरोबर मीठ गेलं आणि वरून नुसतं पाणीच पोटात पडत राहिलं.

म्हणून आता माझ्या कमरेच्या पिशवीत सैंधवाची पूड आणि साखर असते. लिटरभर पाण्याला सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा सैंधव, वाटल्यास लिंबू पिळायचं. उपासाला चालतं आणि कामही होतं. ओआरएसची पुडी तर उत्तमच. पण ती पुडी, टॉवेल, औषधं, जे काही असेल ते अंगावर ठेवा. दिंडीचा ट्रक सकाळीच सासवडच्या वाटेला लागतो आणि गरज पडेल तेव्हा तुमची पिशवी तंबूच्या कोपऱ्यात सुखरूप असते!

बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, शरीरातलं पाणी कमी होतं. मधुमेहाची औषधं घेऊन उपाशी चाललात तर साखर उतरते. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, निघण्याआधी डॉक्टरांना 'एकादशीला तीस किलोमीटर चालणार आहे' असं स्पष्ट सांगून विचारा. आणि पाय दुखतात म्हणून रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळ्या खाऊ नका, शरीर सुकलेलं असताना त्यांचा भार मूत्रपिंडावर येतो.

चालण्यापेक्षा जास्त त्रास थांबण्याचा होतो, हे नवख्याला माहीत नसतं. दिंडी रथाच्या चालीने चालते. रथ थांबला की सगळे तापलेल्या डांबरावर उभे, आणि गर्दीत छत्री उघडायला जागा नसते. टोपीखाली ओला पंचा घ्या आणि तो वाळू देऊ नका. पायात गोळे आले, डोकं ठणकू लागलं, मळमळ सुरू झाली की इशारा समजा. पण भ्रम झालेल्याला स्वतःचं स्वतःला कळत नाही, म्हणून आपल्याआधी शेजाऱ्याकडे लक्ष ठेवा. बडबडा माणूस गप्प झाला, गाणाऱ्याची ओळ सुटली, टाळ चुकला, की हसण्याआधी त्याला गाव आणि वार विचारा.

घाट चढायचा की नाही, हे वडकीलाच ठरवा. पालखीसाठी घाट इतर वाहनांना बंद असतो, मध्येच बसलात तर रिक्षा मिळणार नाही आणि रुग्णवाहिकेलाही गर्दीतून वाट काढत यावं लागतं. वडकीला थांबलात म्हणून वारी बुडत नाही. सासवडला पालखी दोन रात्री असते, दुसऱ्या दिवशी एसटीने या. द्वादशीला उपास सोडताना डाळभात नीट जेवा, सोपानदेवांचं दर्शन घ्या, मग झोपा. संध्याकाळपर्यंत लघवी गडद पिवळी होत असेल तर वैद्यकीय पथकाकडे जा, आणि जेजुरीचा टप्पा गाडीने करा.