हुनर आमचा, हक्क कोणाचा? कारागिरांसाठी पेटंटची ओळख

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा कंपनीच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि आपल्या कोल्हापुरात एकच गलका झाला. आमच्या दुकानात कापड घ्यायला येणारे गिऱ्हाईकसुद्धा गादीवर बसताच म्हणे, "शेठ, आपल्या चपलेचे पेटंट त्यांनी पळवले!" वस्तुत: कोल्हापुरी चपलेचे पेटंट कोणाकडेच नव्हते व असू शकत नाही. २०१९ साली तिला मिळाले ते भौगोलिक मानांकन, ज्याला बाजारात जीआय टॅग म्हणतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांत बनलेल्या चपलेलाच कोल्हापुरी म्हणता येईल, एवढे ते सांगते. म्हणजे ते नावाचे रक्षण करते. प्राडाने आपल्या चपलेला कोल्हापुरी हे नावच दिले नव्हते. पुढे कंपनीने प्रेरणा येथलीच असल्याचे मान्य केले व डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, ही गोष्ट वेगळी.

त्या गलक्यातून आमच्या ध्यानात एक आले. पेटंट हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे, पण ते काय आहे, कोणाला मिळते, कसे हातचे जाते, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. आम्हालाही फार उशिरा कळले आणि त्याची किंमत मोजावी लागली. ती हकीकत पुढे येईल.

पेटंट म्हणजे सरकारशी केलेला एक सौदा होय. तुम्ही नवी वस्तू किंवा ती बनवण्याची नवी रीत शोधली. ती कशी बनते हे तुम्ही कागदावर स्पष्ट लिहून, आकृती काढून सरकारला द्यायचे. सरकार ते जगजाहीर करते. त्या बदल्यात अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे दुसऱ्या कोणालाही तुमच्या परवानगीशिवाय ती वस्तू बनवता किंवा विकता येत नाही. मुदत संपली की ती सर्वांची. पेटंट म्हणजे लपवून ठेवणे, असा आपल्याकडे समज आहे. तो नेमका उलटा आहे.

आपल्या कारागिरांच्या दोन सवयी आहेत. काही जण नवी युक्ती सुचली की त्याच दिवशी चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगून मोकळे होतात. काही जण ती पोटच्या मुलालाही सांगत नाहीत आणि इल्म त्यांच्याबरोबर कबरीत जातो. पहिल्यात घराचे नुकसान, दुसऱ्यात समाजाचे. इथे अबुल कासिम अझ्झहरावी आठवतात. दहाव्या शतकात अंदलुसमध्ये, कुर्तुबाजवळ होऊन गेलेले हे हकीम. त्यांच्या 'अत्तस्रीफ' या ग्रंथाच्या तिसाव्या भागात शस्त्रक्रियेची सुमारे दोनशे हत्यारे आकृत्यांसह दिली आहेत. बाराव्या शतकात त्याचा लॅटिन अनुवाद झाला आणि पुढे कित्येक शतके युरोपचे सर्जन ती आकृती पाहून हत्यारे घडवून घेत राहिले. त्या काळी पेटंट नव्हते. शोधकाला ठराविक मुदतीचा हक्क देणारा लेखी कायदा व्हेनिस शहराने १४७४ साली केला. पण हत्यार कसे आहे हे दुसऱ्या कारागिराला बनवता यावे इतके स्पष्ट मांडायचे, ही जी पेटंटची मूळ अट आहे, ती या हकीमसाहेबांनी कोणी न सांगता पाळली होती.

भारतात असा पहिला कायदा १८५६ साली झाला. त्याखाली पहिला अर्ज कलकत्त्याच्या डीपेनिंग नावाच्या इंजिनिअरने केला, तो कशासाठी? छताचा पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी! साहेबाला वारा हवा होता. आजचा कायदा १९७० चा आहे आणि त्यात २००५ पर्यंत मोठे बदल झाले.

कोणी म्हणेल, शोध लावणे हे शास्त्रज्ञांचे काम, आपण हातावर पोट असलेली माणसे. ज्या सिमेंटने आज आपली घरे उभी राहतात त्या पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ साली इंग्लंडमधील जोसेफ ॲस्पडिन याने घेतले. तो गवंडी होता. सिमेंटमध्ये लोखंड घालून स्लॅब टाकण्याची आजची पद्धत ज्या शोधांतून वाढली त्यांतला एक मोठा शोध फ्रान्सच्या जोसेफ मोनिए याचा. तो माळी होता. झाडाच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून त्याने सिमेंटमध्ये तारेची जाळी घातली, १८६७ साली पेटंट घेतले आणि नंतर नळ, टाक्या, पूल यांच्यासाठीही घेतले. जर्मन लोकांनी त्याच्याकडून हक्क विकत घेतले व त्यावर मोठमोठी बांधकामे केली. मोनिए स्वत: मात्र १९०६ मध्ये गरिबीतच मेला. हक्क मिळवणे एक आणि तो योग्य भावाने विकणे दुसरे. आपण व्यापारी लोकांनी हे तरी शिकायला हवे.

कापडाच्या धंद्यात असल्यामुळे आम्हाला तिसरी गोष्ट अधिक जवळची वाटते. अमेरिकेत नेवाडा प्रांतात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. मजुरांच्या विजारींचे खिसे सारखे उसवतात, अशी तक्रार येई. त्याने खिशाच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिबिट ठोकले. विजार टिकली, मागणी वाढली. आता कोणीही नक्कल करील, ही भीती त्याला वाटू लागली, पण पेटंटच्या खर्चाची सोय नव्हती. तो ज्या ठोक व्यापाऱ्याकडून कापड घेत असे त्या लेव्ही स्ट्रॉस याला त्याने १८७२ मध्ये पत्र लिहिले: खर्च तुम्ही करा, हक्क दोघांचा. अर्ज आधी नाकारला गेला, दुरुस्त्या कराव्या लागल्या. २० मे १८७३ रोजी पेटंट मिळाले आणि जीन्सच्या धंद्याचा पाया घातला गेला. शिंप्याचा हुनर आणि कापडवाल्याचे भांडवल, असा हा सौदा. आपल्या इचलकरंजीत १९०४ पासून यंत्रमाग चालतो आहे. मागावर बसणाऱ्यांनी गरजेपोटी किती सुधारणा केल्या असतील! त्यांच्या मागे उभा राहणारा कापडवाला किती वेळा भेटला, हा प्रश्न आम्ही स्वत:लाही विचारतो.

भांडवल नसले की काय होते ते शंकर आबाजी भिसे यांच्या आयुष्यात दिसते. १८६७ साली मुंबईत जन्मलेल्या या मराठी माणसाने छापखान्याचे खिळे पाडणारे यंत्र काढले, ते 'भिसोटाइप' म्हणून ओळखले गेले. लंडनमध्ये दादाभाई नौरोजींनी त्यांना मदत केली, पुढे सर रतन टाटांनी पैसा घातला. भिसे अखेर अमेरिकेला गेले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारले. वर्तमानपत्रे त्यांना हिंदुस्थानचे एडिसन म्हणत, पण एडिसनसारखा कारखाना काही त्यांच्या मागे उभा राहिला नाही.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. कारण कायद्याची सर्वांत मोठी परीक्षा तिथेच झाली, आणि तीही आपल्या स्वयंपाकघरातील हळदीवरून. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. शस्त्रक्रियेच्या जखमाही त्यात होत्या. अर्ज करणारे दोघे मूळचे भारतीयच! आपल्याकडे बोट कापले तर आई आधी हळदीची चिमूट शोधते. पण अमेरिकेचे पेटंट कार्यालय आईची साक्ष घेत नाही, त्याला छापील पुरावा लागतो. त्यावेळी सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातील माशेलचे, मुंबईत गरिबीत वाढलेले. त्यांच्या संस्थेने १९९६ मध्ये त्या पेटंटला आव्हान दिले आणि बत्तीस पुरावे सादर केले. त्यांत संस्कृत व हिंदीबरोबर उर्दूतील मजकूरही होता आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय लेखही. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. उर्दूचा धंद्यात काय उपयोग, असे लोकांनी आम्हाला आयुष्यभर विचारले. म्हणून ही बातमी वाचून जो आनंद झाला तो लपवणार नाही. यानंतर सरकारने आयुर्वेदाबरोबर युनानीच्या अरबी, फारसी, उर्दू ग्रंथांतील नुस्खे इंग्रजी, जर्मन, जपानी अशा भाषांत उतरवून एक मोठी संगणकीय नोंद तयार केली, ती परदेशी पेटंट कार्यालयांना तपासता येते. ज्या घरांत जुन्या हकिमांच्या हस्तलिखित वह्या पडून आहेत त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी विचार करावा.

भारतीय कायदाही हेच सांगतो की परंपरेने चालत आलेल्या ज्ञानावर पेटंट मिळणार नाही. तसेच ऑपरेशन करण्याच्या रीतीवर किंवा उपचाराच्या पद्धतीवर मिळत नाही, कारण रुग्णाला बरे करण्याची रीत अडवून धरता येऊ नये. मात्र त्यासाठी लागणारा नवा चिमटा, नवी पकड, नवे टेबल यांवर मिळू शकते. उद्यमनगर आणि शिरोलीच्या कारखान्यांतील कारागिरांनी हा फरक नीट समजून घ्यावा. शोध नवा हवा, त्या कामातील जाणकाराला सहज सुचणार नाही असा हवा आणि उद्योगात उपयोगी पडणारा हवा. जुनेच दोन पार्ट जुळवून ठेवले आणि प्रत्येक जण पूर्वीसारखेच आपापले काम करत राहिला, तर त्याला शोध म्हणत नाहीत.

आता आमची हकीकत. काही वर्षांपूर्वी आम्ही एका विणकराकडून ओढणीच्या किनारीचे नवे नमुने करून घेतले. नमुना बाहेरगावच्या एका मोठ्या खरेदीदाराला दाखवला, तो त्याने "बघून कळवतो" म्हणून ठेवून घेतला. सहा महिन्यांत तीच किनार दुसऱ्याच्या नावाने बाजारात आली. वकिलाकडे गेलो. त्याने एकच प्रश्न विचारला, नोंदणी केली होती का? नव्हती. नक्षी, आकार, किनार यांना पेटंट नव्हे, तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी लागते. ती दहा वर्षे चालते व आणखी पाच वर्षे वाढवता येते. नोंदणी केलीच नाही, तर ज्या मालावर ती नक्षी आहे तो यंत्राने पन्नासपेक्षा जास्त वेळा काढला की कॉपीराइटचा हक्कही संपतो. आम्ही तर शेकड्याने माल काढला होता. खरेदीदाराला दोष देऊन उपयोग नव्हता. कुरआन शरीफची सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. आणि आम्ही नमुना दिला, त्याची साधी पोचही घेतली नव्हती.

काही बांधव विचारतात, शोधावर असा हक्क सांगणे शरीयतमध्ये बसते का? उलमांमध्ये यावर मतभेद झालेले आहेत. काहींच्या मते हक्क वस्तूवर असतो, कल्पनेवर नाही. परंतु आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या बैठकीत ठराव केला की व्यापारी नाव, लेखन व शोध यांच्या हक्कांना आज आर्थिक मूल्य आले आहे, शरीयत ते मान्य करते आणि त्यांच्यावर अतिक्रमण करणे योग्य नाही. म्हणजे दुसऱ्याच्या पेटंटची नक्कल करून विकणे हेही आपल्याला जपून तपासावे लागेल. हा मुद्दा आमच्या काही मित्रांना आवडत नाही.

अर्जाबद्दल थोडे. सर्वांत मोठी चूक म्हणजे आधी दाखवणे. माल विकला, प्रदर्शनात मांडला, मोबाइलवर फोटो पाठवला, की शोध नवा राहिला नाही असे म्हणायला जागा होते. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला बारा महिन्यांची सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नये. दाखवणे भागच असेल तर आधी गुप्ततेचा करार लिहून घ्यावा. शोध पूर्ण झाला नसेल तर तात्पुरता अर्ज करून तारीख धरून ठेवता येते, पूर्ण मजकूर बारा महिन्यांत द्यावा लागतो. एका व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर सरकारी फी १६०० रुपये आहे. तपासणीची मागणी वेगळी करावी लागते, तिची फी ४००० रुपये. ती एकतीस महिन्यांत केली नाही तर अर्ज मागे घेतला असे धरतात, हे पुष्कळांना माहीत नसते. महाराष्ट्राचे पेटंट कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे. वकिलाची फी मात्र या सर्वांपेक्षा जास्त होते, म्हणून आधी ठरवून घ्यावी. २००० साली स्थापन झालेले नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन गुजरातेत आहे, ते न शिकलेल्या शोधकांना अर्जाच्या कामात मदत करते.

अर्जातील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे दावे. जमिनीच्या खरेदीखतात चतु:सीमा लिहितात, तसे हे आहे. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण हे चुकले तर शेजारी आत येतो. हद्द फार मोठी सांगितली तर जुना मालक उभा राहतो आणि अर्ज फेटाळला जातो. फार लहान सांगितली तर एक स्क्रू बदलून नक्कल करणारा मोकळा सुटतो. त्यामुळे दावे लिहिताना कारागिराने वकिलाजवळ बसावे, सही करून निघून जाऊ नये. यंत्र कसे चालते हे वकिलाला ठाऊक नसते, आणि कुठे कापले तर नक्कल होईल हे कारागिराइतके कोणालाच ठाऊक नसते. पेटंट मिळाल्यावर, अर्जाच्या तारखेपासून मोजलेल्या तिसऱ्या वर्षापासून दरवर्षाची फी भरावी लागते. दुकानाच्या परवान्याची तारीख जिथे लिहून ठेवतो त्याच वहीत ही तारीखही लिहावी, कारण फी चुकली की हक्क वीस वर्षांच्या आधीच संपतो.