न पाहिलेल्या सप्लायरची नोटीस

कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये अनघाने घराचं स्वयंपाकघर नव्याने करायला काढलं आहे. शरदकाकांनी सॅन होजेतल्या एका बांधकाम कंत्राटदाराचं ऑफिस निवृत्तीपर्यंत सांभाळलं.

अनघा : काका, जिला मी ओळखतही नाही अशा एका टाइल्सच्या कंपनीची नोटीस आलीय. सर्टिफाइड मेलने. पैसे मिळाले नाहीत तर घरावर लिएन, म्हणजे थकलेल्या पैशांसाठीचा हक्क, लागू शकेल, घर विकायची वेळही येऊ शकेल, असं आत लिहिलंय. मी काम दिलं कंत्राटदाराला, पैसे देतेय त्याला. ही मंडळी मध्येच कुठून उगवली?

काका : रक्कम घातलीय का त्यात?

अनघा : चार हजार दोनशे डॉलर. म्हणजे बिलच झालं की.

काका : बिल नव्हे. पुरवायच्या मालाची ती अंदाजे किंमत, आणि ती लिहिणं कायद्याने भाग आहे. हिला प्रिलिमिनरी नोटीस म्हणतात. तुझ्या कंत्राटदाराने त्यांच्याकडून माल उचललाय किंवा उचलणार आहे, त्याची ही वर्दी. कुणी कुणाचे पैसे थकवलेत, असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. आमच्या ऑफिसात हे कागद ढिगाने यायचे आणि ढिगाने जायचे.

अनघा : पण माझ्या घरावर हक्क सांगायचा अधिकार त्यांना दिला कुणी?

काका : थेट राज्याच्या संविधानाने. कॅलिफोर्नियाच्या १८७९ च्या संविधानात मजूर, कारागीर आणि माल पुरवणारे यांना त्यांचे कष्ट किंवा माल ज्या मालमत्तेत गेला तिच्यावर हक्क दिलाय. कल्पना त्याहून जुनी आहे. वॉशिंग्टन शहर उभं करायचं होतं तेव्हा जेफरसन वगैरे मंडळींच्या आग्रहावरून मेरीलँडने १७९१ मध्ये असा कायदा केला. पैसे बुडायची भीती असेल तर नव्या राजधानीसाठी उधारीवर विटा कोण देणार? आणि टाइल एकदा भिंतीला बसली की खरवडून परत थोडीच नेता येते!

अनघा : पुण्यात आईबाबांनी फ्लॅटचं एवढं काम काढलं, तेव्हा असलं काही ऐकलं नव्हतं.

काका : कारण तिथे ते नाहीच. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १७० बघ. हिरा पैलू पाडायला दिला तर मजुरी मिळेपर्यंत जवाहिऱ्या तो अडवून ठेवू शकतो, असं उदाहरण त्या कलमातच दिलंय. पण वस्तू त्याच्या ताब्यात हवी. तुझ्या आईबाबांचा फ्लॅट काही टाइलवाल्याच्या ताब्यात नव्हता. त्याचे पैसे बुडाले असते तर त्याने कंत्राटदाराला गाठायचं, नाहीतर दिवाणी दाव्याच्या तारखा मोजत बसायचं.

अनघा : आणि इथे मी कंत्राटदाराला सगळे पैसे दिले, त्याने टाइलवाल्याला दिलेच नाहीत, तर?

काका : तर टाइलवाला तुझ्या दारात. एकाच टाइलचे दोनदा पैसे द्यायची वेळ येऊ शकते.

अनघा : हा तर उघड अन्याय आहे!

काका : आहेच. मला तो कधीच पटला नाही, आणि तो कमी करायला म्हणून तर ही नोटीस. ज्याचा तुझ्याशी थेट करार नाही त्याने काम किंवा माल द्यायला लागल्यापासून २० दिवसांच्या आत तुला, मुख्य कंत्राटदाराला आणि बांधकामासाठी कर्ज दिलं असेल तर त्या बँकेला कळवायचं. न कळवता मागाहून लिएन लावता येत नाही.

अनघा : उशीर झाला तर हक्क गेला?

काका : सगळा जात नाही. समज, माल १ मार्चपासून यायला लागला आणि नोटीस दिली १० एप्रिलला. तर २१ मार्चपासून पुढच्याच मालाचे पैसे लिएनमध्ये मागता येतील, त्याआधीचा माल गेला. रोजंदारीवरच्या मजुराला मात्र नोटिशीची अट नाही. त्याने कुठे सर्टिफाइड मेल करत बसायचं!

अनघा : मुख्य कंत्राटदाराची नोटीस काही आली नाही.

काका : तुला यायचीही नाही. तो तुझ्या ओळखीचा, करारावर तुझी सही आहे. बांधकामाचं कर्ज असतं तर त्याने बँकेला दिली असती. बरं, सुरुवातीला त्याला दिलेस किती?

अनघा : पाच हजार.

काका : अगं! घरदुरुस्तीच्या करारात आगाऊ रक्कम एक हजार डॉलर किंवा कराराच्या दहा टक्के, यांतली कमी असेल तेवढीच घेता येते. खास बॉण्ड भरून ठेवलेल्या मोजक्या कंत्राटदारांना सूट आहे. याला आहे का, लायसन्स बोर्डाच्या साइटवर बघ. लायसन्सही तिथेच तपास, कारण लायसन्स लागणारं काम त्याच्याविना केलं असेल तर लिएनचा हक्कच उरत नाही.

अनघा : आणि लिएन लागलाच, तर घर गेलं?

काका : एवढं सोपं नाही ते. काम पूर्ण झाल्यापासून ९० दिवसांत काउंटी रेकॉर्डरकडे लिएनची नोंद करावी लागते. तू काम संपल्याची नोटीस पंधरा दिवसांत नोंदवलीस तर मुख्य कंत्राटदाराला ६० दिवस उरतात आणि टाइलवाल्यासारख्यांना फक्त ३०. हा कागद घरमालक सहसा नोंदवत नाहीत. फुकट हातची संधी घालवतात, असं माझं मत. नोंद झाल्यावर ९० दिवसांत दावा दाखल झाला नाही तर लिएन निकामी.

अनघा : म्हणजे आपोआप पुसला जातो?

काका : तीच तर गोम आहे. जोर संपतो, पण नोंद राहते, आणि घर विकताना किंवा रिफायनान्स करताना टायटल कंपनी तिच्यावर बोट ठेवते. आधी लिएनवाल्याला ती काढायला सांगायचं, किमान दहा दिवस द्यायचे, मग कोर्टात अर्ज. त्यापेक्षा पैसे देतानाच कागद घ्यावेत. परवा कंत्राटदार पुढचा हप्ता मागेल ना?

अनघा : उद्याच येतोय.

काका : मग त्याच्याकडून टाइल कंपनीने सही केलेला कंडिशनल वेव्हर, म्हणजे लिएनचा हक्क सोडल्याचा कागद, माग. पैसे खरोखर हातात पडले तरच तो लागू होतो, म्हणून ते द्यायला कचरत नाहीत. चेक वटला की अनकंडिशनल वेव्हर घ्यायचा. त्या मजकुराचा नमुना कायद्यानेच ठरवून दिलाय, घरी बसून काही रचू नकोस. नुसत्या कंत्राटदाराच्या वेव्हरवर भागवू नकोस, त्याच्या सहीने टाइलवाल्याचा हक्क सुटत नाही. आणि टाइल्सपुरता चेक दोघांच्या नावाने काढ.

अनघा : अजून कुणाची नोटीस आली तर?

काका : एक फाइल कर. जितक्या नोटिसा, तितके वेव्हर.

अनघा : त्याला राग आला तर? अविश्वास दाखवला असं वाटेल त्याला.

काका : दर आठवड्याला कुणी ना कुणी त्याच्याकडे हे मागतंच. तरीही राग आला, तर चेक पर्समध्येच राहू दे.