मिरजेचे फरीदसाहेब : शिकलगाराचा सतारमेकर कसा झाला

घरातील कर्त्या पुरुषाची आठवण निघाली की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, मागे काय ठेवले? किती दुकाने, किती जमीन? आज या पानावर आम्ही ज्या बुजुर्गांची आठवण करीत आहोत त्यांनी मागे ठेवले ते एक हुन्नर. दीडशेहून अधिक वर्षे झाली, त्या हुन्नरावर मिरजेतील कितीतरी घरांच्या चुली पेटत आहेत. ते बुजुर्ग म्हणजे फरीदसाहेब शिकलगार. पुढे त्यांचे घराणे 'सतारमेकर' या नावाने ओळखले जाऊ लागले.

शिकलगाराचा धंदा कोणता हे वाचकांस सांगायला नको. तलवारी, कट्यारी, बर्च्या घासायच्या, त्यांना धार लावायची, चकाकी आणायची. 1818 मध्ये पेशवाई गेली. संस्थाने राहिली, पण लढाया थांबल्या आणि फौजा आटल्या. उरलेसुरले काम पुढे 1878 च्या हत्यार कायद्याने संपविले. हात कुशल, पण त्या हाताला काम देणारा गिऱ्हाईकच नाही, अशी या मंडळींची अवस्था झाली. आज यंत्रमागामुळे हातमागवाल्याची किंवा प्लास्टिकमुळे कल्हईवाल्याची जी झाली आहे तीच.

मिरजेचे पटवर्धन संस्थानिक गाण्याचे शौकीन होते. दरबारी गवई आणि वादक यांचा राबता असे. त्यांची वाद्ये उत्तर हिंदुस्थानातून येत. नादुरुस्त झाली तर पुन्हा तिकडेच पाठवावी लागत. रेल्वे नसलेल्या त्या काळात यात किती महिने आणि किती पैसा जात असेल याचा व्यापाऱ्याने अंदाज करावा. 1850 च्या सुमारास फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू या दुरुस्तीच्या कामात शिरले. आधी दुरुस्ती, मग त्या नमुन्यावरून नवे वाद्य.

हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. नवा माल एकदम बनवायला घेतला असता तर भांडवल अडकले असते, आणि अनोळखी कारागिराचा तंबोरा गवयाने घेतला असता की नाही कोण जाणे. दुरुस्तीत माल गिऱ्हाइकाचा, मजुरी आपली, आणि वाद्य आतून कसे आहे ते पाहायला मिळते हा वर नफा.

आता त्या कामाकडे पाहू. तंबोऱ्याचा भोपळा भाजीचा नव्हे. तो कडू आणि जाड सालीचा असतो, आणि पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो. तो पूर्ण वाळवून, कापून, आतले बी काढून साफ करतात. त्याला गळा आणि दांडी जोडायची, वर तबली बसवायची, मग कोरीव काम, पॉलिश, खुंट्या, घोडी, तारा. लाकूड बहुधा तुणाचे. भोपळा हंगामात एकदाच मिळतो, म्हणून वर्षाची खरेदी एकदम करावी लागते आणि माल पडून राहतो. ज्याला पैसा थांबवून ठेवता येत नाही त्याला हा धंदा झेपत नाही.

सर्वांत नाजूक काम जवारीचे. घोडीचा माथा कानशीने इतका बारीक उतार देऊन घासायचा की तार त्याला निसटती लागून गुंजली पाहिजे. केसभर जास्त घासले तर आवाज मेला, कमी घासले तर तार बोलत नाही. याला माप नाही, कान हेच माप. तलवारीच्या पात्यावर हात फिरवून धारेचा अंदाज घेणाऱ्या माणसालाच हे काम एवढे लवकर वश झाले असावे, असे आमचे मत आहे. धंदा बदलला तरी घासण्याचा हात तोच राहिला. शिवाय वापराने जवारी झिजते आणि पुन्हा काढावी लागते. एकदा तंबोरा नेलेला गवई म्हणून पुन्हा कारागिराच्या दारी येतो. असे परत येणारे गिऱ्हाईक कोणत्या धंद्याला नको असते?

फरीदसाहेबांनी ही विद्या घरात उतरविली. मुले-पुतणे हाताखाली बसले, घराणे वाढले, निरनिराळी दुकाने झाली. मिरजेत सतारमेकर गल्लीच उभी राहिली. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेला घर केले. 1937 मध्ये त्यांचे निधन झाले आणि मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर झाली. उरुसाला तेथे देशभरचे गवई हजेरी लावण्यास येतात आणि येता-जाता वाद्ये दाखवून घेतात. जाहिरातीवर पैसा न घालता मिळालेली ही बाजारपेठ आहे.

मालही काळाप्रमाणे बदलावा लागला. पूर्वी सजावटीला आणि घोडीला हस्तिदंत व सांबरशिंग वापरत. 1972 च्या वन्यजीव कायद्याने आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांनी ते बंद झाले. कारागिरांनी दुसरी साधने शोधली. त्याहून मोठा घाव इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा. खिशातल्या मोबाइलवर सूर मिळू लागल्यावर शिकाऊ विद्यार्थी लाकडी तंबोरा कशाला घेईल? मैफलीचा गवई अजून मिरजेचाच तंबोरा मागतो, पण मैफलीचे गवई असतात किती!

घरातील मुले या कामात यावीत तर कष्टाच्या मानाने मजुरी मिळाली पाहिजे. मजुरी कमी पडते याचे एक कारण असे की कारागिराकडून घेतलेला माल मोठ्या शहरातील दुकानात दुकानदाराच्या नावाने विकला जातो. गिऱ्हाइकाला बनविणारा कळत नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते यासाठी उपयोगी आहे. फरीदसाहेबांच्या हाताने गावाला जे नाव मिळाले त्याला आता कायद्याचे संरक्षण आहे.

मात्र कारागीर बांधवांनी येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. मानांकन संस्थेच्या नावे नोंदले गेले म्हणजे प्रत्येकाचे काम झाले असे नाही. ज्याला त्या नावाचा कायदेशीर लाभ घ्यायचा आहे त्याने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून आपली स्वतंत्र नोंद करावी लागते. नोंदणी दहा वर्षांची असते, नंतर नूतनीकरण. अर्जासोबत आपण खरोखर हा माल बनवितो हे दाखविता आले पाहिजे. आपल्याकडे बरीच देवघेव तोंडी चालते आणि नेमके येथेच अडते. भोपळ्याच्या खरेदीची पावती, विकलेल्या वाद्याचे बिल, वडिलांच्या वेळची जुनी चोपडी, जे असेल ते एका फाइलीत लावून ठेवावे. बिलावर दुकानाचे नाव असेलच; वाद्य ज्याच्या हातचे आहे त्या कारागिराचे नावही त्यावर लिहायला आजपासून सुरुवात करावी.