आयोडाइडची बाटली केवढी घ्यावी?

हॅलोजनांची विस्थापन अभिक्रिया दाखवायची म्हटले की प्रयोगशाळेच्या मागणीपत्रकात ब्रोमीनची कुपी, क्लोरीनचे पाणी, तीन क्षार आणि कार्बन टेट्राक्लोराइड अशी यादी उतरते. यातले निम्मे खोडता येते.

तीन क्षारांत खिशाला लागतो तो पोटॅशियम आयोडाइड. आयोडीन आपल्याकडे मुख्यतः चिली आणि जपानहून येते. ब्रोमीन मात्र कच्छच्या किनाऱ्यावर, मीठ काढून उरलेल्या खाऱ्या पाण्यात क्लोरीन सोडून मिळवतात. म्हणजे हाच प्रयोग, कारखान्याच्या मापाने. त्यामुळे ब्रोमाइड बरेच स्वस्त पडते, आणि क्लोराइडसाठी साधे मीठ आहेच. आयोडीनयुक्त मीठ वापरून आयोडाइड वाचवायला जाऊ नका. आपल्याकडे त्यात आयोडेट घालतात, त्यावर क्लोरीन टाकून काहीच दिसणार नाही.

आता हिशेब. 0.1 मोलर द्रावणाच्या 100 मिलीला 1.66 ग्रॅम आयोडाइड लागते. 30 मुले, प्रत्येकाच्या दोन नळ्या, नळीत 1 मिली: 60 मिली, म्हणजे जेमतेम 1 ग्रॅम. ग्रॅमला 8 रुपये धरले तरी अख्ख्या वर्गाचा खर्च 8 रुपये. मग ‘मोठा डबा स्वस्त पडतो’ हे दुकानदाराचे म्हणणे ऐकून 500 ग्रॅम कशाला घ्यायचे? उघडलेली बाटली दमटपणा आणि उजेडाने पिवळी पडते. 25 ग्रॅमची, एलआर (साध्या प्रयोगशाळेच्या) प्रतीची घ्या. एआर (विश्लेषणाच्या) प्रतीचे जादा पैसे इथे वाया जातात. कोटेशनमध्ये जीएसटी धरला आहे का, तेही विचारा.

क्लोरीनचे पाणी विकत घेऊ नका, ठेवल्या ठेवल्या ते उतरते. किराणा दुकानातल्या ब्लीचमध्ये दहापट पाणी घालून थोडेसे घ्यावे, त्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकावेत. हे काम शिक्षकांनीच, फ्यूम कपाटात किंवा उघड्या खिडकीशी करायचे. संडास साफ करायचे आम्ल ब्लीचमध्ये ओतणे म्हणजे विषारी वायूला आमंत्रण, तेव्हा मुलांना घरी करून बघू देऊ नका.

द्रव ब्रोमीन तर यादीतून काढूनच टाका. कातडी भाजते आणि सांभाळणे डोकेदुखीचे. ब्रोमाइडच्या द्रावणात क्लोरीनचे पाणी थेंबाथेंबाने घातले की पिवळे-नारिंगी ब्रोमीन समोरच तयार होते. तेच पुढे आयोडाइडवर वापरावे. फक्त ब्रोमाइड भरपूर आणि क्लोरीन कमी ठेवा, नाहीतर आयोडीन ब्रोमीनने सोडवले की उरलेल्या क्लोरीनने, हे सांगता येणार नाही.

सगळ्यात जास्त नासाडी होते ती घाईने. आयोडाइडवर क्लोरीन पडले की तपकिरी रंग येतो. आणखी ओतले की आयोडीनचे रंगहीन आयोडेट होते. रंग गेला म्हणून मुले प्रयोग फसला समजतात आणि नवी नळी मागतात. ड्रॉपर द्या, बाटली देऊ नका.

कार्बन टेट्राक्लोराइड विषारी आहे, शिवाय ओझोनच्या थराला घातक. त्याऐवजी औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन चालते. हलवल्यावर आयोडीन वरच्या थरात जांभळे उतरते. आयोडीन ब्रोमाइडमधून ब्रोमीनला विस्थापित करू शकत नाही, हे दाखवायला स्टार्चच्या चाचणीचे आयोडीन कपाटात असतेच.

शेवटी हायपोची (सोडियम थायोसल्फेटची) छोटी पुडी मागवा. नळ्यांतले उरलेसुरले त्याच्या द्रावणात ओतले की रंग जातो. वरचे पॅराफिन मात्र आधी कागदाने टिपून घ्या, बेसिनमध्ये सोडू नका.