कपडे धुण्याच्या यंत्रांतील एलिमेंट

ओहमचा नियम आपण सर्वच पाठ करतों. परंतु तो नियम घरांतील माणसांचे प्राण राखूं शकतो, हें क्वचितच ध्यानांत येतें. गेल्या पावसाळ्यांत गिरगांवांतील एका चाळींत आम्हांस त्याचा प्रत्यय आला.

मोरीलगत ठेवलेलें कपडे धुण्याचें यंत्र थंड पाण्यावर उत्तम चाले. परंतु पाणी तापूं लागतांच घरांतील ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होतांच प्रवाह तोडणारा स्विच, खालीं पडे. एका शेजाऱ्यांनीं सुचविलें, "अर्थिंगची तार काढून टाका, म्हणजे स्विच पडणार नाहीं!" हा सल्ला किती घातक होता, तें एलिमेंटची रचना पाहिल्यावर कळेल.

एलिमेंट म्हणजे वाकविलेली धातूची नळी. तिच्या मधून नायक्रोमची, म्हणजे निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची, तार जाते. तार व नळी यांच्यामध्यें मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. ती उष्णता जाऊं देते, वीज मात्र अडविते. विहिरीच्या किंवा टँकरच्या दुष्फेन पाण्यानें नळीवर क्षारांचा थर बसला, कीं उष्णता आंत कोंडते. मग कधीं तार तुटते. तेव्हां पाणी केवळ थंड राहतें. कधीं नळीस चीर पडून भुकटी ओलावते; तेव्हां वीज यंत्राच्या पत्र्यापर्यंत पोहोंचते. अर्थिंग असल्यास ती जमिनींत जाते. अर्थिंग नसल्यास, ओल्या पायांनीं यंत्रास हात लावणाऱ्याच्या देहांतून वाट काढते.

आम्हीं प्रथम प्लग काढिला, नळ बंद केला, पाणी उपसलें. तारांच्या जागा टिपून त्या सोडविल्या. एलिमेंट २००० वॉटचें. २३० व्होल्टवर प्रवाह सुमारें ८.७ अँपिअर, म्हणून रोध सुमारें २६ ओहम असावयास हवा. मीटरनें तितकाच दाखविला! घरधनी म्हणाले, "मग एलिमेंट चांगलेंच आहे." परंतु परीक्षा अर्धीच झाली होती. मीटरचें एक टोंक नळीस व दुसरें तारेच्या टोंकास लावलें. तेथें कांहींच दिसूं नये, तरी कांटा हलला. दोष सांपडला.

मधला नट सैल करून बोल्ट आंत ढकलतांच रबर ढिलें झालें व एलिमेंट बाहेर आलें. नवें एलिमेंट त्याच वॉटचें व मापाचें घेतलें, त्याचीहि दोन्ही प्रकारें परीक्षा केली. रबरास साबणाचें पाणी लावून, टबांतील पट्टीखालीं नीट बसवून नट आवळला. अर्थिंगसह सर्व तारा जोडल्या, थंड पाणी भरून गळती नाहीं असें पाहिलें, झांकण लाविलें, आणि मगच प्लग बसविला. पाणी तापलें, स्विच पडला नाहीं.

मुलांनो, हें काम जाणत्या वायरमनावांचून करूं नका. पण आज घरीं जाऊन एवढें अवश्य विचारा: आपल्या यंत्राच्या तीन खिळ्यांच्या प्लगास खरोखरीच अर्थिंग आहे काय? पडणारा स्विच हा शत्रु नव्हे. तो पहारेकरी होय. त्यास गप्प करूं नये, तो काय सांगतो तें ऐकावें.