'स्मृतिचित्रे'तील दुःख, नम्रता आणि बळ

दुःखभोगातून नम्रता आणि नम्रतेतून सामर्थ्य हे ख्रिस्ती धर्मविचाराचे एक मध्यवर्ती सूत्र होय. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केल्याचे सांगितले आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल शरीरातील काट्याचा उल्लेख करून दुर्बलतेलाच ईश्वरी सामर्थ्याचे स्थान मानतो. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या 'स्मृतिचित्रे' या १९३४ पासून क्रमाने प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात हे सूत्र सिद्धान्तरूपाने नव्हे, तर घरगुती तपशिलांतून प्रकट होते. म्हणूनच दुःख माणसाला आपोआप नम्र करते काय, हा प्रश्न या ग्रंथाच्या संदर्भात विचारणे उचित ठरते.

ग्रंथाचा आरंभच या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर देतो. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली. या आघातानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याने झपाटले. मीठसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली. येथे दुःखातून नम्रता उपजली नाही, भय उपजले. आणि त्या भयाने शुद्धतेचे कवच धारण केले. त्याची झळ साऱ्या घराला लागली.

१८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंच्या वाट्याला पतिवियोग आला. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, तरी प्रारंभी त्यांनी आपले सोवळे-ओवळे सांभाळले. पुढे जातिभेद ईश्वरनिर्मित नसून मनुष्यनिर्मित आहे, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या विचारानेच काढला. १९०० मधील बाप्तिस्मा हा या अंतःपरिवर्तनानंतरचा टप्पा आहे. याचा अर्थ असा की, त्यांची नम्रता ही पतीपुढील शरणागती नव्हे. आपण इतरांहून शुद्ध आहोत हा हक्क सोडून देणे, हे तिचे खरे स्वरूप आहे. वडिलांनी दुःखात जे कवच घट्ट केले, तेच कन्येने दुःखात उतरवून ठेवले.

हा भेद लक्षात न घेतल्यास 'स्मृतिचित्रे' ही सोशिक पत्नीची कहाणी ठरते. वस्तुतः टिळकांचा संताप, लहरीपणा आणि प्रपंचाविषयीची बेफिकिरी लक्ष्मीबाई झाकत नाहीत. दुःख देणाऱ्या वर्तनाला पावित्र्यही बहाल करीत नाहीत. त्यांचा विनोद येथे निर्णायक आहे. तो पतीला सोडत नाही, तसाच स्वतःलाही सोडत नाही. स्वतःच्या भाबडेपणावर हसू शकणारी ही निवेदक आत्मदयेपासून मुक्त आहे, आणि हीच तिच्या नम्रतेची वाङ्मयीन खूण होय.

या नम्रतेचे फलित म्हणजे कृतिशील बळ. सोवळ्याच्या घरात वाढलेली ही स्त्री प्लेगच्या छावणीत रुग्णसेवा करते. टिळकांच्या निधनानंतर (१९१९) त्यांनी अपूर्ण ठेवलेले 'ख्रिस्तायन' हाती घेऊन त्यातील बहुतांश अध्याय स्वतः रचते. शालेय शिक्षण न लाभलेल्या लेखिकेने ख्रिस्तचरित्रावरील महाकाव्य सिद्धीस न्यावे, ही घटना पौलाच्या सूत्राचे मराठीतील बोलके उदाहरण आहे.

तात्पर्य, 'स्मृतिचित्रे'त दुःख हे मूल्य नाही. ते कसोटीचे स्थळ आहे. त्या स्थळी माणूस कवच घट्ट करतो की उतरवतो, यावर बळाचा उगम अवलंबून राहतो. ख्रिस्ती आत्मचरित्रांच्या अभ्यासात केवळ धर्मांतराच्या घटनेवर भर न देता या निवडीचा शोध घेणे अधिक फलदायी ठरेल.